बंगल्याचं तोंड कोणीकडे

निघण्याआधी

आमच्या पणदऱ्यातून समुद्र पाहायला दोनच प्रकारचे लोक जातात. एक शाळेच्या सहलीची मुलं आणि दुसरी नवी लग्न झालेली जोडपी. आम्ही तिघं यांपैकी कशातच बसत नव्हतो. आम्ही एका भांडणाचा निवाडा करायला गेलो होतो.

भांडण माझ्या चुलत्या-चुलतीचं, म्हणजे तात्या आणि काकीचं होतं. काकीचं माहेर इंदापूर तालुक्यातलं. ती लहान असताना उजनी धरण भरलं आणि तिचं गाव पाण्याखाली गेलं. पुढे तिच्या वडिलांनी काठावरचा वीस गुंठ्यांचा एक तुकडा तिच्या नावे करून दिला. त्या तुकड्यावर उन्हाळी बंगला बांधायचं तात्यांनी या वर्षी मनावर घेतलं. पणदऱ्याहून तिथे पोहोचायला दोन तास लागतात आणि ऊन दोन्हीकडे सारखंच असतं, असं मी एकदा बोलून पाहिलं. "आगं, पर पाण्यावरनं वारं येतंय की," तात्या म्हणाले. तो वारा मी अनुभवलेला आहे. भाकरी भाजून होईल इतका तो गरम असतो.

बंगल्यावर दोघांचं एकमत होतं. बंगल्याच्या तोंडावर नव्हतं. तात्यांना पुढचं दार आणि चार खांब रस्त्याकडे हवे होते. काकीला पुढचं दार पाण्याकडे हवं होतं. तात्या चुन्याची फक्की टाकून आखणी करायचे आणि काकी खराट्याने ती झाडून टाकायची. असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी तर तात्या एका बाजूने आखत होते आणि काकी त्यांच्यामागून झाडत येत होती. तात्यांना ते शेवटच्या कोपऱ्यावर पोहोचल्यावर कळलं.

"असं करू," तात्या शेवटी म्हणाले. "समुद्राच्या काठाला मुंबईच्या शेठ लोकांनी मागच्या काळात उन्हाळी बंगलं बांधल्यात म्हणं. त्यांनी तोंड कुणीकडं केलंय ते जाऊन बघायचं. त्यांनी केलं तेच आपण करायचं."

"चालंल," काकी म्हणाली. "पर बघणार कोण? तुमी बघितलं तर तुमाला समदं रस्त्याकडंच दिसंल."

"सुवर्णी बघंल. तिनं इतिहास केलाय."

सुवर्णी म्हणजे मी. बारामतीच्या कॉलेजातून मी इतिहासात बी.ए. केलं, मग बी.एड. केलं, आणि आता माध्यमिक शाळेत शिकवते. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. अकरावीचा फॉर्म भरायला तात्या मला मोटारसायकलवर घेऊन गेले होते आणि पाच वर्षं पहाटेच्या एसटीसाठी माझा डबा काकीने भरला. तेव्हा माझ्या शिक्षणावर दोघांचाही हक्क सारखाच. निवाडा कोणाच्याही बाजूने दिला तरी मी कृतघ्नच ठरणार होते. मी दोनशे पानी वही घेतली आणि पहिल्या पानावर 'बंगल्यांचे तोंड : निरीक्षणे' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

अक्षय्य तृतीयेला पाया खणायचा मुहूर्त होता आणि आम्ही मार्चमध्ये निघालो.

पहिला दिवस

वाटेतलं सांगण्यासारखं फारसं नाही. घाट उतरताना काकीला मळमळलं आणि ब्रेक जळतायत का ते बघायला तात्यांनी खोपोलीपर्यंत तीनदा जीप थांबवून चाकांचा वास घेतला, एवढंच.

आम्ही गेलो ते गाव अलिबागच्या पुढे आहे. नाव लिहीत नाही, कारण ज्यांनी आम्हाला बंगला दाखवला त्यांनी तशी अट घातली. नारळी-पोफळीच्या वाड्या, मधून लाल जांभ्या दगडाचे गडगे, आणि गडग्याच्या पलीकडे झाडांत लपलेले मोठे मोठे बंगले. आमच्याकडे माणसाने घर बांधलं की ते लांबून दिसावं म्हणून पुढचं झाड तोडतात. इथे घर दिसू नये म्हणून झाडं लावलेली. तात्यांना हे अजिबात पटलं नाही. "एवढं बांधलं आन् झाकून ठिवलं," ते म्हणाले. "मग बांधलं कशाला?"

संध्याकाळी समुद्रावर गेलो. पाणी पार काठाच्या सुरूच्या झाडांपर्यंत आलं होतं. तात्या कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि ऊस बघावा तसं त्यांनी डावीकडून उजवीकडे सगळं पाणी बघून घेतलं. "फुल्ल हाय," ते म्हणाले. काकीने चुळकाभर पाणी तोंडात घेतलं, थुंकलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "खरंच खारट हाय गं." मी हे तिला बारावीपासून सांगत होते.

जेवायला एका घरगुती खाणावळीत गेलो. काकी उजनीतल्या काटेरी चिलापी माशांवर वाढलेली. तिने पापलेट उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "ह्याचं काटं काढून ठिवल्यात का?" मला मासा आवडला, पण आमटीत, भाजीत, कोशिंबिरीत सगळीकडे ओलं खोबरं होतं. तात्यांनी वाढणाऱ्या ताईंना विचारलं, "ताई, तुमच्यात शेंगदाण्याचं कूट घालत न्हाईत?" त्या नाही म्हणाल्या. तात्यांनी मान हलवली आणि जीपमधून आमच्या चटणीचा डबा आणून मध्ये ठेवला. ताईंनीही चव घेतली. जाताना अर्धा डबा त्यांच्याकडे राहिला आणि आमच्याकडे दोन नारळ आले.

दुसरा दिवस, सकाळ

बंगला दाखवायला दामूभाऊ आले. साठीच्या पुढचे, बारीक, खाकी हाफपँट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यांचे वडील आणि आजोबाही याच बंगल्याचे राखणदार होते. मालक आता परदेशात असतात आणि वर्षाआड कधीतरी येतात.

आम्ही रस्त्याने आत शिरलो. समोर एक लांब भिंत, दोन लहान खिडक्या, विहीर आणि धुण्याचा दगड. भिंतीपुढे एक जोडपं उभं राहून फोटो काढत होतं.

"ही पुढची बाजू," तात्या माझ्या कानात म्हणाले. "लिव्ह. रस्त्याकडं."

"ही मागची बाजू," दामूभाऊ म्हणाले. "हा सैपाकघर. रोज लोकं येतात आन् सैपाकघराचा फोटू काढून जातात. मी काय बोलत नाय. आनंद व्हतो त्यांना."

मग त्यांनी आम्हाला वळसा घालून पलीकडे नेलं. समुद्राकडे तोंड करून, घराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओसरी. सागवानी खांब, वर मंगलोरी कौलं, तिरप्या पट्ट्यांच्या झिलमिलीच्या खिडक्या, पितळी कड्यांचा झोपाळा. मधोमध भलंमोठं दार आणि त्यावर दगडात कोरलेलं नाव. दारातून रुंद पायऱ्या उतरत थेट वाळूत गेलेल्या.

काकी पायरीवर बसली. "लिव्ह," ती म्हणाली.

दामूभाऊंनी मग इतिहास सांगितला. मी तो वहीत घेतला तसा थोडक्यात देते. बंगला बांधणारा शेठ कापसाचा व्यापारी. त्याला मुंबईत एप्रिल सोसायचा नाही. म्हणून होळी झाली की सगळं कुटुंब गलबतात बसून इथे यायचं. आचारी, गाद्या, भांडी, मुलांचे मास्तर, सगळं गलबतातूनच. बंगल्यावर एक मनोरा आहे, त्यात कंदील लावला की गलबताला धक्का कुठे ते कळायचं. मृग लागायच्या आधी समुद्र खवळायला लागला की शेवटच्या फेरीने सगळे परत. मग नऊ महिने बंगल्यात फक्त राखणदार आणि वटवाघळं. एका शेठाचं पाहून दुसऱ्याने बांधला, दुसऱ्याचं पाहून तिसऱ्याने. प्रत्येकाने मनोरा आधीच्याहून एक हात उंच केला.

"एका वर्षी तर शेटनी गाय पण आणली," दामूभाऊ म्हणाले. "बाळाला हिकडचा दूध सोसत नव्हता. गाय गलबतात चढवली. ती समुद्र बघून जी हंबरली ती इथं येईपर्यंत."

तोवर झोपाळ्याच्या कड्या हलवून बघणारे तात्या एकदम वळले. "कुठली गाय?"

"ती काय ठावं नाय. आजा सांगायचा."

"दूध किती द्यायची?"

"आजानी सांगितला नाय."

"उतरल्यावर दूध आटलं आसंल," तात्या म्हणाले. "जनावर घाबरलं की आटतं. लगीच गूळ-पाणी द्याया पायजे हुतं." शंभर वर्षांपूर्वीच्या त्या गाईची त्यांना नंतरही बराच वेळ काळजी लागून राहिली.

मी मुख्य प्रश्न विचारला. "दामूभाऊ, पुढचं दार समुद्राकडे का केलं? हवेसाठी?"

"हवा सगळीकडनं येते ओ. माणसं गलबतानी यायची ना. रस्ता कुठं व्हता तेव्हा? पायवाट व्हती. मासळीवाली आन् टपालवाला, दोघंच त्या बाजूनं यायची. ज्या बाजूनं आपली माणसं येणार त्या बाजूला दार. गलबत दिसला की बायका या ओसरीवर येऊन उभ्या राह्यच्या."

काकीने पदर सावरला आणि तात्यांकडे पाहिलं. "आयकलं का?"

त्यानंतर आणखी तीन जुने बंगले गडग्याच्या बाहेरून पाहिले. तिन्हींची तोंडं समुद्राकडे. एक नवा काचेचा बंगलाही पाहिला. त्याचं तोंड ना समुद्राकडे, ना रस्त्याकडे. ते मधल्या पोहण्याच्या तलावाकडे होतं आणि तीन माणसं समुद्राकडे पाठ करून त्या तलावाकडे बघत बसली होती. "एवढा समुद्र असताना हौद बांधलाय," तात्या म्हणाले. तो मी निरीक्षणांत धरला नाही.

दुसरा दिवस, दुपार

निवाडा द्यायची वेळ आली. चार जुने बंगले, चारही समुद्राकडे. मी पेन काढलं आणि काकीच्या बाजूने लिहायला लागले.

"थांबा मास्तरीणबाई," तात्या म्हणाले. "दामूभाऊ काय म्हणालं? ज्या बाजूनं आपली माणसं येणार त्या बाजूला दार. व्हय का न्हाय?"

"हो."

"शेठाची माणसं गलबतानं यायची. माझी माणसं कशानं येणार? गलबतानं? माळेगावचा आबा गलबतानं येणार? लोणी भापकरचं पाव्हणं गलबतानं येणार? समदी जीपनं, मोटारसायकलनं, रस्त्यानं येणार. मग इतिहासाप्रमाणं माझं दार कुणीकडं?"

नुसतं काय केलं ते लिहू नका, का केलं ते शोधा, असं आमचे सर वर्गात नेहमी सांगायचे. तात्या फॉर्म भरायला आले तेव्हाही कॉलेजच्या फाटकापर्यंतच आले होते, पण सरांचं बोलणं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळलेलं दिसत होतं. मी लिहिलं : 'कारण लक्षात घेता दार रस्त्याकडे.' काकी उठून पाण्याकडे चालू लागली. मला डब्यातली प्रत्येक भाकरी आठवली.

आणि पाणी कुठे होतं? काल संध्याकाळी सुरूच्या झाडांना टेकलेला समुद्र आज फर्लांगभर आत गेलेला आणि मध्ये नुसती ओली, सपाट, चकचकीत वाळू.

तात्या थक्क झाले. "आगं, हे रातीत कुणीकडं गेलं?"

"ओहोटी असेल, तात्या."

"ओहोटी म्हाईत हाय मला. ती थोडी सरकती. हे बघ केवढं रान उघडं पडलंय. ह्यांनी खाली आवर्तन सोडलंय."

आवर्तन म्हणजे कालव्याला पाळीने सुटणारं पाणी. आमचं सगळं गाव त्यावर जगतं. उजनीचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की काठचे लोक उघड्या पडलेल्या गाळात कलिंगडं लावतात, कारण ते पाणी पावसाळ्यापर्यंत परत येत नाही. तात्यांचा हिशेब असा होता. तो माझा असायला नको होता. मी सहावीला भूगोलही शिकवते. चंद्र, सूर्य, पृथ्वी आणि फुगलेलं पाणी ही आकृती मी दरवर्षी रंगीत खडूने काढते. पण समोर खरा समुद्र असताना मला ती आकृती आठवली नाही. मला एवढंच वाटलं की तात्या पाटाच्या पाण्यात आयुष्य घालवलेला माणूस आहे, त्यांना कळत असेल.

तात्या जिंकलेले होते. त्यांनी जीप थेट वाळूवर आणली, मागून फक्कीची पिशवी, सुतळी आणि खुंट्या काढल्या आणि भर दुपारी समुद्रात, म्हणजे समुद्र जिथे असतो तिथे, अख्खा बंगला आखला. रस्त्याकडे पुढचं दार. चार खांबांच्या जागी चार वर्तुळं. पुढे पोर्च आणि पोर्चमध्ये जीप. मधे दिवाणखाना आणि सगळ्यांत मागे, पाण्याच्या बाजूला, स्वयंपाकघर.

"आता बस घरात," ते काकीला म्हणाले. "कसं वाटतंय बघ."

काकी भिंतीवरून पाय उचलून आत गेली आणि स्वयंपाकघरात पाण्याकडे तोंड करून बसली. मी आणि तात्या दिवाणखान्यात चटईवर रस्त्याकडे तोंड करून. आम्ही भाकरी खाल्ली. येणारे-जाणारे पर्यटक थांबून बघत होते. तात्यांनी एका कुटुंबाला दिवाणखाना, देवघर आणि पाहुण्यांची खोली फिरवून दाखवली. त्यातल्या गृहस्थांनी 'क्षेत्रफळ किती' असं गांभीर्याने विचारलं. मग तात्या चटईवर आडवे झाले आणि मला पेंग आली.

जाग आली ती दामूभाऊंच्या ओरडण्याने. "शेट! ओ शेट! गाडी काढा!"

मी मागे वळले. स्वयंपाकघर नव्हतं. पाणी दिवाणखान्याच्या भिंतीपर्यंत आलं होतं आणि काकी लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, जेवणाचे डबे डोक्यावर घेऊन, शांतपणे उभी होती. काठाच्या बाजूला वाळूत एक खोलगट पट्टा होता, तोही भरून वाहू लागला होता. तात्या धावत पोर्चमध्ये गेले आणि जीप सुरू केली. चाकं जागच्या जागी फिरली आणि आणखी खाली गेली.

"आगं, तू बगत हुतीस ना तिकडं?" तात्या ओरडले. "पाणी येतंय ते दिसलं न्हाय तुला?"

"दिसलं की," काकी म्हणाली. "लई येळ बघत हुते."

"मग बोलली का न्हाईस?"

"म्हटलं दिवाणखान्यात मोठी माणसं बसल्यात. त्यांचं तोंड रस्त्याकडं. पाणी मागच्या दारानं येतंय. मी कशाला मधी बोलू?"

दामूभाऊंचा मेव्हणा पर्यटकांना बैलगाडीतून फिरवतो. त्याने बैलजोडी आणली. तात्यांनी पूर्वी बैलगाडीनेच कारखान्याला ऊस घातलेला. ते पाण्यात उभे राहून बैलांवर आमच्याकडच्या पद्धतीने ओरडू लागले. बैलांनी मान वळवून एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा समुद्र बघू लागले. मेव्हण्याने जिभेने टक् केलं. बैलांनी माना खाली घातल्या, दोर ताठ झाला आणि जीप बाहेर आली. काठावर मघाचं कुटुंब उभं होतं. त्या गृहस्थांनी तात्यांना विचारलं, "आता नवीन कुठे बांधणार?"

परत येताना

गोड्या पाण्याने जीप तीनदा धुतली. जीप वाटेला लागली. मग मीच विचारलं, "काकी, निवाडा चुकला का गं माझा?"

"न्हाय," ती म्हणाली. "बरोबर हाय. आपली माणसं येत्यात तिकडं दार. ह्यांची माणसं रस्त्यानं येत्यात."

"मग झालं तर," तात्या म्हणाले.

"माझी कुठनं येत्यात?"

तात्यांनी गिअर बदलला. काकी खिडकीबाहेर बघत बोलत राहिली. "वैशाखात पाणी उतरलं की जुन्या देवळाचा कळस उघडा पडतो. समदी गावाची माणसं येत्यात निवद दावाया. दादा, माझ्या मैत्रिणी, समदी. काठाकाठानं, चिखल तुडवत, पाण्याकडनंच. माहेरची वाट तिकडंच गेली खाली. उन्हाळी बंगला म्हणताय ना? उन्हाळ्यात माझ्याकडं येणारं माणूस रस्त्यानं येत न्हाय."

पुढच्या वळणावर तात्यांनी जीप कडेला घेतली. त्यांना पुन्हा ब्रेकचा वास आला असावा असं मला वाटलं. पण ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, वहीत खोडा."

वैशाख

अक्षय्य तृतीयेला पाया खणला. दार पाण्याकडे. फक्की तात्यांनी टाकली आणि या वेळी काकी खराटा न घेता आली होती. फक्त चार खांब तात्यांनी सोडले नाहीत. ते मागे, रस्त्याकडे, स्वयंपाकघराच्या दाराशी येणार आहेत. "फोटू काढणाऱ्यांची सोय," ते म्हणाले.

तीन आठवड्यांत जोतं झालं आणि दाराची चौकट उभी राहिली. बाकी काहीच नव्हतं. भिंती नाहीत, छप्पर नाही, नुसत्या जोत्यावर पाण्याकडे तोंड केलेली एक सागवानी चौकट. त्याच आठवड्यात देवळाचा कळस उघडा पडला. निवद दाखवून काकीचे थोरले भाऊ चिखलातून वर आले. पोटऱ्यांपर्यंत गाळ, हातात चपला. जोत्यावर कुठूनही चढता आलं असतं. ते सरळ चौकटीसमोर आले, वरचं तोरण पाहिलं, उंबरठ्याला हात लावला आणि चौकटीतून आत आले. काकी आतमध्ये, म्हणजे उन्हात, तांब्या घेऊन उभी होती. त्यांच्यामागून तिच्या मैत्रिणी आल्या. सगळ्या चौकटीतूनच.

तात्या पाहुण्यांच्या स्वागताला धुतलेलं धोतर नेसून पलीकडे, खांबांच्या खड्ड्यांपाशी, रस्त्याकडे तोंड करून उभे होते. मागून हसण्याचा आवाज आला तेव्हा ते वळले. चार पावलांत ते जोत्यावर आले असते. त्यांनी एकदा चौकटीकडे पाहिलं, धोतर वर खोचलं, सगळ्या जोत्याला वळसा घातला, चिखलात उतरले आणि पुढच्या दाराने घरात आले.

"पाय धुवा आधी," काकी म्हणाली.